प्रश्न तुमचे, काळे हात आमचे: लिथियम बॅटरी टाकू का?

मागच्या अंकात गाडीचं वजन कमी करण्याबद्दल लिहिताना जाता जाता लिथियम बॅटरीचं नाव घेतलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, कारण या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं त्या एका वाक्यावरच आहेत. म्हणून यावेळी दुसरा विषय नाही. एक सुरुवातीलाच सांगतो, खाली मी जिथे जिथे नुसतं लिथियम म्हणतोय तिथे लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, असं समजा. सेल्फ मारायच्या १२ व्होल्टच्या ज्या हलक्या बॅटऱ्या बाजारात मिळतात त्यातल्या जवळपास सगळ्या याच जातीच्या असतात. इलेक्ट्रिक गाडीच्या मोठ्या बॅटरीबद्दल यात काही नाहीये.

प्रश्न: माझी टर्बो पेट्रोल गाडी साधारण १४०० किलोची, २०० हॉर्सपॉवर. महिन्यातून एकदा ट्रॅकवर नेतो, बाकी रोज ऑफिसला तीच. बॅटरी बॉनेटखाली अगदी पुढे, पुढच्या चाकांच्याही पुढे बसवलेली आहे. काढून वजन केलं तर १९ किलो भरली आणि लिथियमवाली ४ किलोची आहे म्हणतात. मित्र म्हणतो १५ किलोने काय होतंय, सकाळी पोट साफ करून ट्रॅकवर जात जा. मित्र बरोबर की मी?

मित्राचं गणित बरोबर आहे पण अर्धं. १४०० किलोत १५ किलो म्हणजे एक टक्का, त्यामुळे शून्य ते शंभरला तुमची गाडी ७ सेकंद घेत असेल तर फार फार तर ०.०७ सेकंद वाचतील आणि तेवढं तर एक गिअर नीट पडला नाही तरी जातं. आणि १५ किलोच वाचवायचे असतील तर टाकीत २० लिटर पेट्रोल कमी ठेवा, तितकंच वजन उतरतं.

पण तुमच्या केसमध्ये बॅटरी कुठे बसलीये ते महत्त्वाचं आहे. ती पुढच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर पुढे लटकतेय असं धरा आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २.६ मीटर धरा. मग ते १५ किलो काढले की पुढच्या चाकांवरचा भार १५ नाही, जवळजवळ १८ किलोने कमी होतो आणि मागच्या चाकांवर ३ किलो वाढतो, कारण ॲक्सलच्या बाहेर लटकणारं वजन तरफेसारखं काम करतं, सी-सॉच्या टोकाला बसलेल्या पोरासारखं. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या, नाकाकडे जड असलेल्या गाडीत वळणात शिरताना हा फरक थोडा का होईना जाणवतो. थोडाच. ज्याचा हात बसलेला आहे त्याला जाणवेल, बाकीच्यांना जाणवल्यासारखं वाटेल.

आता याची किंमत काय मोजावी लागते ते बघा, आणि मी पैशाबद्दल बोलत नाहीये. ४ किलोच्या डब्यात साठा कमी असतो. पोर्शने २०१० साली ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडरला कारखान्यातूनच लिथियम बॅटरीचा ऑप्शन दिला होता. वजन ६ किलोच्या आत, ६० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे साठ्याचं माप) नेहमीच्या शिशाच्या बॅटरीपेक्षा १० किलोहून जास्त हलकी. पण तिची कपॅसिटी किती होती माहितेय? १८ एएच. पोर्शचं म्हणणं असं की शिशाच्या बॅटरीतल्या ६० मधले प्रत्यक्षात वापरण्याजोगे तीसेक टक्केच असतात आणि लिथियम जवळजवळ पूर्ण वापरता येते, म्हणून काम तेवढंच होतं. गाडी सुरू करण्यापुरतं हे खरंही आहे. पण गंमत पुढे आहे, ते गिऱ्हाइकाला गाडीसोबत नेहमीची जड बॅटरीसुद्धा द्यायचे, थंडी शून्याखाली गेली की ती बसवा म्हणून. ज्यांनी गाडी बनवली त्यांनीच स्टेपनी बॅटरी दिली, यावरून काय ते समजा.

म्हणून विकत घेताना लेबल नीट वाचा. मोठ्या अक्षरात ६० एएच लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात इक्विव्हॅलंट, म्हणजे शिशाच्या ६० एएच इतकं काम करते असा कंपनीचा दावा. आत खरे २० असू शकतात. खरा आकडा हवा असेल तर वॉट-अवर शोधा आणि १२.८ ने भागा. २५६ वॉट-अवर लिहिलंय? मग ती २० एएचची बॅटरी आहे, डब्यावर काहीही छापलेलं असो. सीसीए म्हणजे सेल्फला एका दमात किती करंट देते तो आकडा वेगळा, तो लिथियममध्ये छानच असतो, पण सीसीए म्हणजे दम आणि एएच म्हणजे पोट, आणि छोट्या लिथियम बॅटरीला दम भरपूर असतो, पोट बारीक असतं.

माझं मत विचाराल तर रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत आधी ९-१० किलोची छोटी एजीएम बॅटरी घाला, ती शिशाचीच असते, फक्त ॲसिड आतल्या काचेच्या धाग्यांच्या चटईत शोषलेलं असतं. निम्मं वजन तिथेच उतरतं आणि डोक्याला ताप नाही. तरी लिथियमच घालायची असेल तर खालची दोन उत्तरं वाचून मग घाला.

प्रश्न: दादा, लिथियम बॅटरी बसवून दोन महिने झाले, पहिले काही दिवस मक्खन. आता गाडी आठवडाभर उभी राहिली की पूर्ण डेड. मल्टिमीटर लावला तर चक्क शून्य व्होल्ट! दुकानदार म्हणतो बॅटरी खराब नाही तुमच्या गाडीत लीकेज आहे. मला गंडवतोय का?

नाही हो, बहुतेक खरं बोलतोय. लीकेज म्हणजे गाडी बंद असतानाही कुठेतरी झिरपत राहणारा करंट. हे माझ्याबरोबर झालंय म्हणून सांगतो. मीही हौसेने २० एएचची बॅटरी टाकली होती, गुरुवारी रात्री गाडी लावली आणि रविवारी पहाटे ट्रॅकवर निघायला म्हणून बॅग, हेल्मेट सगळं डिक्कीत टाकून बटण दाबलं. एकदा टक्क झालं आणि त्यानंतर काहीच नाही. म्हणजे बॅटरी उतरल्यावर जे नेहमीचं घर्र घर्र होतं, डॅशबोर्डचे दिवे मंद होतात, तसलं काही नाही. सगळं एकदम काळं. रिमोट चालेना, डिक्की उघडेना आणि हेल्मेट डिक्कीत. शेवटी चावीने दार उघडून मागची सीट पाडून आत रांगत जाऊन ते काढलं, शेजारचे आजोबा बाल्कनीतून बघत होते.

चोर निघाला डॅशकॅम. पार्किंग मोडवर ठेवला होता, तो ०.३ अँपिअर खायचा. दिवसाचे ७.२ एएच. त्यात गाडीचं स्वतःचं घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसिव्हर वगैरे ४० मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला अजून एक एएच. अडीच दिवसात २० संपले, हिशोब जुळला. आता म्हणाल डॅशकॅमला लो-व्होल्टेज कटऑफ असतो की. होता ना, १२.० व्होल्टला लावलेला. पण ते आकडे शिशाच्या बॅटरीसाठी ठरवलेले असतात, तिच्यात ते त्यातल्या त्यात चालून जातं. लिथियम अगदी शेवटपर्यंत १२.८ च्या वर टिकून राहते आणि १२ ला येते तेव्हा तळ लागलेला असतो. म्हणजे पहारेकऱ्याला जाग आली तेव्हा घर रिकामं झालं होतं. डॅशकॅम, ट्रॅकर, अलार्म, ॲम्प्लिफायर, यातलं काहीही बाहेरून बसवलं असेल तर तिथून शोध सुरू करा आणि कटऑफ बदलता येत असेल तर १२.८ च्या वर न्या.

शून्य व्होल्टचं कारण म्हणजे बॅटरीच्या आत बसलेला बीएमएस नावाचा छोटा सर्किट बोर्ड. सेल ठराविक मर्यादेखाली गेले की तो आतूनच लाइन तोडतो, कारण लिथियम सेल फार खोल उतरला तर कायमचा बाद होतो. म्हणजे शून्य दिसणं हे बॅटरी मेल्याचं लक्षण नाही, तिने दार आतून बंद करून घेतलंय एवढंच. काही बॅटऱ्यांवर रिसेटचं बटण असतं, ते दाबलं की लपवलेला थोडा साठा मिळतो आणि एकदा सेल्फ बसतो. नसेल तर लिथियम मोडवाला चार्जर लावा. साधे स्मार्ट चार्जर शून्य व्होल्ट बघून म्हणतात इथे बॅटरीच नाही आणि चार्जिंग सुरूच करत नाहीत. दार उघडल्यावर व्होल्टेज ८ च्या खाली निघालं आणि बॅटरी तशीच कितीतरी दिवस पडून होती, तर मात्र मोह सोडा. चार सेल, प्रत्येकी २ व्होल्टच्या खाली, म्हणजे आतलं तांबं विरघळायला लागलेलं असू शकतं आणि पुन्हा चार्ज करताना आत शॉर्ट होऊ शकतो. तसली बॅटरी जबरदस्तीने जिवंत करू नका आणि जम्पर केबल लावून दुसऱ्या गाडीचा करंट तर तिच्यात अजिबात ढकलू नका.

लीकेज कसं मोजायचं तेही लिहितो, कारण मेकॅनिक लोक यात घाई करतात. बॉनेट उघडा आणि बॉनेटचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला वाटतं बॉनेट लागलंय. दारं लॉक करा, चावी लांब नेऊन ठेवा. आणि मग थांबा. अर्धा तास तरी, कारण आतले सगळे कंट्रोलर एकेक करून झोपतात आणि गाडी जागी असताना मोजलं तर दोन-चार अँपिअर दिसून तुम्हाला उगाच घाम फुटेल. नंतर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर निगेटिव्ह केबलभोवती लावा. तो नसेल तर मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर सिरीजमध्ये जोडा, पण केबल काढल्याबरोबर गाडी पुन्हा जागी होते म्हणून मीटर आधी जोडून मग टर्मिनल अलगद उचला आणि मीटर लावलेला असताना दार उघडू नका, सेल्फ तर नाहीच नाही, मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा. ५० मिलिअँपिअरच्या आत आलं तर गाडी ठीक आहे आणि तुमची बॅटरी छोटी आहे. २०० वर आलं तर एकेक फ्यूज काढत जा, कुठला काढल्यावर आकडा पडतो ते बघा.

आणि ५० मिलिअँपिअर जरी असले तरी दिवसाला १.२ एएच जातातच, म्हणजे २० एएचची बॅटरी पंधरा-सोळा दिवसात कोरडी होणार आणि सेल्फ बसण्याइतपत साठा त्याच्याही आधी संपणार. आठवड्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर निगेटिव्ह काढा किंवा मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, लावून ठेवा.

प्रश्न: नव्या पिढीची स्पोर्ट्स सेडान आहे, बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सर आहे. अल्टरनेटर कधी १२.५ व्होल्ट दाखवतो, कधी १४.९. याच्यात लिथियम चालेल का?

या महिन्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न, आणि दुर्दैवाने असा प्रश्न लोक बॅटरी घेऊन झाल्यावर विचारतात.

जुन्या गाडीत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, आपला १४ व्होल्टच्या आसपास एकसारखं देत राहायचा. तुमच्या गाडीत कॉम्प्युटर ठरवतो, ब्रेक मारला की व्होल्टेज वाढवून फुकटची वीज भरून घ्यायची, ॲक्सिलरेटर दाबला की कमी करून इंजिनवरचा बोजा काढायचा. हे तो सेन्सरच्या भरवशावर करतो आणि त्याच्या डोक्यात शिशाच्या बॅटरीचा तक्ता भरलेला असतो. त्या तक्त्यात १२.७ म्हणजे फुल. आता तुम्ही लिथियम लावली, ती ३०-४० टक्क्यांवर असतानासुद्धा १३ व्होल्ट दाखवते, झालं, कॉम्प्युटरला वाटतं बॅटरी काठोकाठ भरलीये आणि तो चार्जिंग कमी करतो. गाडी रोज चालवूनही बॅटरी उपाशी राहते आणि माणूस म्हणतो लिथियम बेकार.

दुसरं टोक जास्त धोक्याचं. एलएफपीचा फुल चार्ज १४.४ ते १४.६. त्याच्या वर १४.९ किंवा १५ कायम मिळत राहिलं तर सेल सुजणार, नाहीतर बीएमएस लाइन तोडणार. आणि गाडी चालू असताना, अल्टरनेटर जोरात करंट देत असताना बॅटरी अचानक बाजूला झाली की लोड डंप होतो. रोटरमधलं चुंबकत्व एका क्षणात संपत नाही, वीज तर बनतेच आहे पण घेणारं कोणी नाही, मग व्होल्टेज उसळी मारतं. या प्रकारासाठी आयएसओ १६७५०-२ नावाची टेस्ट आहे, तिच्यात १२ व्होल्टच्या सिस्टिमला जो झटका देतात तो संरक्षण नसलेल्या अल्टरनेटरसाठी ७९ ते १०१ व्होल्टचा असतो आणि झेनर डायोडवाल्यांसाठी साधारण ३५ वर अडवलेला. एरवी शिशाची बॅटरी असले धक्के गपचूप पोटात घेते, तिचं हे काम कोणी मोजतच नाही.

तेव्हा करायचं काय? घेण्याआधी मल्टिमीटर टर्मिनलला लावून बघा. थंड इंजिनवर, गरम इंजिनवर, आयडलला, २००० आरपीएमला, दिवे-एसी लावून आणि बंद करून. लांब वायर काढून मीटर केबिनमध्ये घ्या आणि अर्धा तास गाडी फिरवा, शेजारी कोणालातरी बसवून आकडे लिहून घ्यायला सांगा. सगळं १३.८ ते १४.६ मध्ये राहिलं तर निवांत जा. १४.८ च्या वर सारखं जात असेल तर बॅटरीवाल्याकडून कमाल व्होल्टेजचा आकडा लेखी घ्या, तोंडी नको. काही गाड्यांत डायग्नोस्टिक टूलने बॅटरीचा प्रकार आणि एएच बदलता येतात, ज्या मॉडेलच्या एखाद्या व्हर्जनला कंपनीनेच लिथियम दिली होती तिथे तो ऑप्शन मिळण्याची शक्यता जास्त. तुमच्यात मिळाला तर कोडिंग करून मगच बसवा. नसेल मिळत तर माझ्याकडून नाही असं उत्तर घ्या.

अजून एक, काही रेसिंग बॅटऱ्यांत लाइन तोडणारा बीएमएस नसतोच, फक्त सेल एका पातळीवर ठेवणारा बॅलन्सर असतो. तिथे लोड डंपची भीती कमी पण खोल उतरण्यापासून वाचवणारंही कोणी नाही. कुठली घेताय ते विचारून घ्या.

प्रश्न: थंडीत सकाळी पहिला सेल्फ एकदम मरतुकडा, दुसरा बरा, तिसऱ्याला गाडी फटकन चालू. बॅटरी जातेय का?

जात नाहीये, झोपेतून उठतेय. थंडीत लिथियम सेलचा आतला रेझिस्टन्स वाढतो, करंट ओढला की त्याच रेझिस्टन्समुळे सेल आतून गरम होतात आणि मग सुधारतात. शिशाच्या बॅटरीचं उलटं, तिचा पहिला झटका सगळ्यात चांगला आणि मग उतरती कळा. म्हणून सेल्फ मारण्याआधी मिनिटभर हेडलाइट लावून ठेवा, मग मारा, नाही बसला तर लगेच परत मारू नका, अर्धा मिनिट जाऊ द्या. तापमान शून्याखाली जात असेल तर मात्र चार्जिंगचा प्रश्न येतो, तेव्हा लिथियम आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातू होऊन साचतं आणि ते नुकसान परत भरून निघत नाही. चांगले बीएमएस थंडीत चार्जिंग अडवतात. बर्फात गाडी उघड्यावर राहत असेल तर हिवाळ्यापुरती जुनी बॅटरी परत घाला, पोर्शनेही तेच सांगितलं होतं.

प्रश्न: लिथियम टाकल्यावर पिकअप वाढला असं दोघेजण शपथेवर सांगतात. खरंच वाढतो?

नाही. सेल्फ जोरात फिरतो, कारण करंट ओढला तरी लिथियमचं व्होल्टेज फारसं खाली येत नाही, आणि तो चटकन पेटण्याचा आवाज ऐकून डोक्यात पिकअप वाढतो. इंजिन चालू झाल्यावर वीज अल्टरनेटरच देतो.

प्रश्न: गाडी मागच्या चाकांच्या ताकदीवर चालणारी आहे, कंपनीने बॅटरी डिक्कीत दिली आहे. वजन कमी करू की वाटणी सांभाळू?

कंपनीने ती तिथे मुद्दाम ठेवलीये, पुढचं-मागचं वजन सारखं यावं म्हणून. तिथले १५ किलो काढले तर गाडी हलकी होईल पण पुढच्या बाजूचा टक्का वाढेल. आकडा छोटाच, पण तुम्ही ज्यासाठी पैसे घालताय त्याच्या उलट दिशेला जाणारा. पुढे काहीतरी हलकं करत असाल, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणा बॉनेट म्हणा, तर त्याच्या जोडीने हे करा. नुसती बॅटरी बदलायची असेल तर तेच पैसे हलक्या रिममध्ये घाला, चाकात एक किलो वाचलेला डिक्कीतल्या एका किलोपेक्षा कितीतरी जास्त जाणवतो.

एक फायदा मात्र आहे, डिक्कीत इंजिनची उष्णता नाही. बॉनेटखाली टर्बोच्या शेजारी बॅटरी असेल तर ६० अंशांच्या वर ती सहज जाते, ट्रॅकवरून येऊन गरम गाडी बंद केल्यावर तर जास्तच, आणि लिथियमला ते सोसत नाही. तिथे हीट शील्ड लावल्याशिवाय बसवू नका.

प्रश्न: घरचे म्हणतात लिथियम म्हणजे आग. फोनच्या बॅटऱ्या फुटतात तशी गाडीत फुटली तर?

भीती अगदीच खोटी नाही पण जात वेगळी आहे. फोनमध्ये बहुतेक कोबाल्टवाली केमिस्ट्री असते, ती साधारण १५० अंशांच्या आसपास स्वतःहून भडकू शकते. एलएफपीला त्याच प्रकाराला २७० च्या आसपास लागतात आणि तिच्यातला ऑक्सिजन फॉस्फेटमध्ये घट्ट बांधलेला असल्यामुळे सहज सुटत नाही. जळतच नाही असं कोणी सांगितलं तर मात्र त्या माणसाकडून काही घेऊ नका. सेल फाटला की पेट घेणारा वायू बाहेर येतो.

प्रत्यक्षात बघण्यात येतात त्या भानगडी फार साध्या असतात. लिथियम बॅटरी जुनीपेक्षा लहान, जुन्या ट्रेमध्ये बसवली तर खुळखुळते, मग कोणीतरी रबरी ट्यूबचा तुकडा कोंबून देतं. एका जोरदार ब्रेकिंगला ती सरकते, पॉझिटिव्ह टर्मिनल बॉनेटच्या पत्र्याला लागतं आणि लिथियमचा शॉर्ट सर्किट करंट इतका जबरी असतो की मध्ये आलेला पानासुद्धा वितळून चिकटतो. नीट ॲडॅप्टर ट्रे घ्या, क्लॅम्प बोल्टने आवळा, हाताने धरून हलवलं तर सगळी गाडी हलली पाहिजे, बॅटरी नाही. पॉझिटिव्हवर टोपी हवीच. टर्मिनलची जाडी बघा, जपानी पद्धतीच्या गाड्यांत पोस्ट बारीक असतात आणि जाड पोस्टची क्लॅम्प त्यावर आवळली तरी ढिली राहते. काही लिथियम बॅटऱ्यांच्या पितळी पोस्टला आत बोल्ट असतो, तो जोर लावून पिळला की आतला जोड तुटतो, तेव्हा कंपनीने दिलेल्या टॉर्कवर थांबा. स्पर्धेत उतरणार असाल तर त्या मालिकेच्या नियमावलीत बॅटरीचा प्रकार आणि जागा यावर काय लिहिलंय ते आधी वाचा, तपासणीच्या रांगेत उभं राहून कळलं तर परत जावं लागतं.

प्रश्न: घरी जुना चार्जर आहे, रिपेअर मोडवाला. तो चालेल? आणि बॅटरी संपली की भंगारात देऊ ना?

रिपेअर मोड अजिबात नको. शिशाच्या प्लेटवरचं सल्फेट तोडायला तो १५-१६ व्होल्टचे झटके देतो, लिथियममध्ये सल्फेट नसतंच, नुसते झटके बसतात. १४.६ ला थांबणारा आणि लिथियम मोड असलेला चार्जर घ्या. गाडी दोन-तीन महिने ठेवून द्यायची असेल तर निगेटिव्ह काढून बॅटरी अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली ठेवा. शिशाची उलट, तिला कायम फुल आवडतं.

आणि हो, व्होल्टमीटर बघून किती चार्ज आहे ते ओळखायची सवय सोडा. शिशात १२.७ म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धी, सरळ हिशोब होता. लिथियममध्ये ८० टक्के आणि ४० टक्के यातला फरक व्होल्टच्या एक-दोन दशांशांइतका, तेवढं तर साध्या मीटरमध्येच इकडेतिकडे असतं.

भंगाराचं म्हणाल तर शिशाच्या बॅटऱ्यांच्या ढिगात ती टाकू नका. बाहेरून डबा सारखाच दिसतो म्हणून ती चुकून शिसं वितळवणाऱ्या भट्टीच्या वाटेला लागते, तोडायच्या मशीनमध्ये जाते आणि तिथे आगी लागल्यात. दोन्ही टर्मिनलला चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरात लिथियम लिहा आणि लिथियम घेणाऱ्याकडेच द्या. माझी ती रविवारची बॅटरी अशीच पट्टी लावून गॅरेजच्या फळीवर बसलीये, तिची रवानगी या महिन्यात करायचीच आहे.